दोन्ही टोकांसकट

११ सप्टेंबर १९९३

निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं. आज पहिल्यांदा कुणीतरी मला काम सांगितलं.

मरुदानल्लूरचे वेणुगोपाळराव सकाळच्या बसने आले. येत्या डिसेंबरात त्यांना ऐंशी पूर्ण होतात. कॉफी पिऊन होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "पोरी, तुझ्या अण्णानं माझं नाचणं धरून ठेवलंय. ते मी गेल्यावर लोकांना दाखवून मला काय मिळणार? मला स्वतःला बघायचंय."

गोष्ट १९६७ सालची. माझा मोठा भाऊ राधाकृष्ण मद्रासच्या एका स्टुडिओत कॅमेऱ्यावर होता. त्या वर्षी मरुदानल्लूरच्या राधाकल्याणाला, म्हणजे भजनात लावतात त्या राधा-कृष्णाच्या लग्नाला, तो एक छोटा कॅमेरा घेऊन आला आणि मालकाने परदेशातून आणलेलं एक भिंगही, जे पुढे त्याच्याकडेच राहिलं. अकरा मिनिटांची फिल्म झाली, आवाज नाही. मधोमध समई, भोवती फेर धरून भजनी मंडळी, आणि त्यात चोपन्न वर्षांचे वेणुगोपाळराव. पुढच्या वर्षी अण्णाने ती गावात एकदा दाखवली म्हणतात. मी तेव्हा मॅट्रिकचे पेपर तपासत होते. नंतर डबा ट्रंकेत गेला. चार वर्षांपूर्वी अण्णाही गेला.

आता तिची व्हिडिओ कॅसेट करायची, वाढदिवसाला टीव्हीवर दाखवायची. मी हो म्हटलं. दोन दिवसांचं काम आहे. तरी नवी वही काढली. कामाची नोंद असावी.

वही मराठीत. पस्तीस वर्षं शाळेत तमिळ नि इंग्रजीतून गणित शिकवलं. मराठी फक्त घरात; आमची माणसं पिढ्यानपिढ्या या तमिळ मुलखातली. अण्णा पुण्याहून मासिकं मागवायचा, त्यावर मी लिहायला शिकले. घरची बोली लिहिली तर पुण्याचा माणूस हसेल, म्हणून पुस्तकी लिहिते. वाचणार कुणी नाही, पण सवय वाईट नको.

१३ सप्टेंबर

वैनी मद्रासला गेली. लेकीचं बाळंतपण. सरस्वतीपूजेपर्यंत परत येते म्हणाली. नागलक्ष्मीवैनी म्हणजे अण्णाची बायको. तो गेल्यापासून आम्ही दोघी या घरात. ती नसली की घर शांत असतं. मला शांतता आवडते.

१४ सप्टेंबर

डबा उघडला. आंबूस वास, चिंचेच्या कोळासारखा. झाकणाच्या आत अण्णाच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली:

"भिंग लावल्याशिवाय दाखवू नये. कडा कापू नयेत."

भिंग डब्यात नाही. ट्रंकेतही नाही.

१५ सप्टेंबर

आमच्या रस्त्याच्या टोकाला मणीचं दुकान आहे, 'मणी व्हिडिओ'. लग्नं, मुंजी, कान टोचणं, सगळ्याच्या कॅसेटी करतो. त्याची बायको माझी विद्यार्थिनी, त्यामुळे मी दुकानात शिरले की तो उभा राहतो. मणी तमिळ बोलतो. इथे मराठीत उतरवते.

"टीचर, ही सोळा मिलिमीटरची रीळ. आधी प्रोजेक्टरवर चालवायची, पडद्यावर चित्र पडलं की मी समोरून कॅमेरा लावतो. पण प्रोजेक्टर कुठाय?"

प्रोजेक्टर सेतुरामरावांकडे आहे. ते इथल्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं डेमॉन्स्ट्रेटर होते. कॉलेजने टाकून दिलेला प्रोजेक्टर त्यांनी घरी नेला आणि दर महिन्याला त्याला तेल घालतात. मरुदानल्लूरला एकटे राहतात. लग्न केलं नाही. आधी तीन बहिणी उजवल्या, मग आईचं आजारपण, मग राहूनच गेलं, असं ऐकलं आहे. भजनात मृदंग वाजवायचे.

त्यांना पोस्टकार्ड टाकलं.

१९ सप्टेंबर

सेतुरामराव आले. सायकलवर, मागे प्रोजेक्टर बांधून, त्यावर छत्री उघडलेली. स्वतः भिजलेले. मी म्हटलं, "छत्री माणसाने धरायची असते." ते म्हणाले, "याला सर्दी झाली तर औषध मिळत नाही, बाई."

फिल्मचा वास घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. हा वास म्हणजे फिल्म आतून नासते आहे. आकसली आहे, कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दातांना नीट बसत नाहीत. फार तर तीनदा चालेल म्हणाले.

फार सावकाश बोलतात. एका वाक्यात मी दोन बेरजा करीन.

३ ऑक्टोबर

भिंगाशिवाय चालवून पाहू, असं मणी म्हणाला. मी चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, "टीचर, चिठ्ठी जुनी झाली." माझी चूक ही, की मी ऐकलं.

मधल्या खोलीत पडदा म्हणून पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, ताणून बांधली. सगळे दिसले, पण कसे! लांबच लांब, बारीक, शेवग्याच्या शेंगांसारखे. समई खांबाएवढी. डोकी उभी अंडी.

मणी म्हणाला, "त्या काळी लोक बारीकच असायचे, टीचर. रेशनचा तांदूळ."

"आणि झांजाही बारीक असायच्या?" मी विचारलं. झांज गोल असते. पडद्यावर तिची उंची रुंदीच्या दुप्पट होती, मी फूटपट्टीने मोजली.

सेतुरामरावांनी मग समजावलं. अण्णाचं भिंग दुहेरी कामाचं. फिल्म अरुंद, दृश्य रुंद. म्हणून चित्रण करताना भिंग रुंदी निम्मी दाबून फिल्मवर बसवतं, आणि दाखवताना तेच भिंग प्रोजेक्टरसमोर लावलं की दाबलेलं उलगडतं. भिंग नसेल तर सगळे दाबलेलेच राहणार.

वेणुगोपाळराव सोफ्यावर बसून पाहत होते. म्हणाले, "मला हे पसंत आहे. केवढा सडपातळ होतो मी! हीच कॅसेट करा."

सेतुरामराव फिल्म गुंडाळायला लागले.

तीनांतली एक खेप गेली.

४ ऑक्टोबर

खरं काय ते लिहायला हवं.

दोन वर्षांपूर्वी भोगीच्या दिवशी, जुनंपानं घराबाहेर काढायचं म्हणून, मी अण्णाच्या वस्तूंची दोन पोती भंगारवाल्याला दिली. वैनी नको म्हणत होती. मी तिला सांगितलं, वस्तू म्हणजे माणूस नव्हे. त्या पोत्यांत काचा होत्या, पितळी नळकांडी होती, वायरी होत्या. मी बघितलंही नाही. मला वाटतं, भिंग मीच दिलं.

वैनीला पत्र लिहून विचारता येईल. तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा बाळाची तब्येत विचारून पत्र संपवलं.

९ ऑक्टोबर

भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मामी, दोन वर्षांपूर्वीचं पितळ? आता ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरात हंडा झालं असेल."

१२ ऑक्टोबर

सेतुरामराव न बोलावता आले. त्यांनी मद्रासच्या तीन जुन्या दुकानांना पत्रं घातली होती. असं भिंग कुणाकडे नाही.

त्यांना पोत्यांची हकीगत सांगितली. का सांगितली कळत नाही. त्यांनी पुष्कळ वेळ कप हातात फिरवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही वर्गातसुद्धा फळा इतका स्वच्छ पुसायचात की मागचं उदाहरण पुन्हा मांडावं लागायचं."

हे यांना कसं ठाऊक? म्हणे, कॉलेजची एक खिडकी आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गासमोर होती.

पावसातसुद्धा ती उघडी असायची. आठवतं मला.

२२ ऑक्टोबर

वैनी आली. नात झाली. वैनीने सहा डबे आणले आणि घरात आवाज आला. मी भिंगाचं बोलले नाही. उद्या सरस्वतीपूजा, परवा सांगेन.

२३ ऑक्टोबर

सकाळी वैनीने पाटावर कापड घालून पूजा मांडली. नेहमीसारखं सगळं: पुस्तकं, माझी फूटपट्टी, तिचं शिवणाचं मशीन ओढून शेजारी, कात्री, अण्णाचं फाउंटन पेन. मग देवघराचं कपाट उघडून, गंगेच्या तांब्यामागून, तिने मखमली पेटी काढली आणि त्यातलं जाडजूड पितळी नळकांडं पुस्तकांवर ठेवलं. दोन्ही बाजूंना काच. गंध लावलं, वर झेंडूचं फूल.

मी वाकून पुन्हा पाहिलं.

"काय गे विजया, भूत बघितलंस?"

"वैनी, हे इथे कसं?"

"तू भोगीला ट्रंक उपसायला बसलीस तेव्हाच उचलून देवघरात लपवलं. तिथं तू हात घालत नाहीस, ठाऊक होतं मला. दरसाल पूजेला काढते. तू बघतेस कुठे? हात जोडतेस आणि पेपर वाचायला जातेस."

मी हात पुढे केला. तिने माझ्या हातावर चापट मारली. साठीला आलेल्या, निवृत्त हेडमिस्ट्रेसच्या हातावर. "पूजेत ठेवलेल्याला आज हात लावायचा नाही. उद्या पुन्हा पूजा झाली की घे."

असल्या गोष्टी मी मानत नाही. पण हात मागे घेतला.

दुपारी सेतुरामराव सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, खायला आले. मी त्यांना पाटाकडे नुसतं बोट दाखवलं. ते खाली बसले ते बसलेच. पलीकडे मीही बसले. चण्याचं सुंडल खात आम्ही दोघं तासभर त्या नळकांड्याकडे बघत होतो, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या मुलांसारखे. वैनी तीनदा येऊन बघून गेली. चौथ्यांदा म्हणाली, "देवीला कंटाळा येईल, दुसरीकडे बघा."

आजचा दिवस चांगला गेला. याहून जास्त काही झालं नाही.

२४ ऑक्टोबर

विजयादशमी. सकाळी साडेनऊला पूजा उचलली. गंध पुसलं. खिडक्यांना कांबळी बांधली, वेष्टी आडवी ताणली. सेतुरामरावांनी भिंग प्रोजेक्टरसमोर धरलं, हळूहळू फिरवलं, आणि शेवग्याच्या शेंगा माणसं झाली.

मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही.

पडद्याशी फूटपट्टी घेऊन उभी राहिले. झांज गोल. समई समईएवढी. चित्राची रुंदी उंचीशी आठास तीन. डावीकडे वाजवणारे बसले आहेत, अगदी टोकाला सेतुरामराव आणि मृदंग. मध्ये समई आणि फेर. उजवीकडे बायका, अगदी टोकाला मी. तेहतीस वर्षांची, एका मुलीची सुटलेली वेणी पुन्हा घालते आहे. मी झांजांकडेच लक्ष ठेवलं, कारण प्रमाण बिघडलं तर तिथे आधी कळतं.

वैनी मागे बसून डोळे पुसत हसत होती. अण्णाची आठवण झाली असणार.

सातव्या मिनिटाला फिल्म तुटली. सेतुरामरावांनी जोडली. नवव्याला पुन्हा. ते म्हणाले, "अजून एकदाच. तेही देवाच्या मनात असलं तर."

मणी म्हणाला, "काळजी नको टीचर, सगळं घेतलंय."

२६ ऑक्टोबर

मणीने सगळं घेतलेलं नाही.

कॅसेट घरी लावली. टीव्ही भरून वेणुगोपाळराव. समई. पुन्हा वेणुगोपाळराव. डावीकडचे वाजवणारे नाहीत, उजवीकडच्या बायका नाहीत. फेरातली माणसं मधूनच उगवतात, मधूनच नाहीशी होतात.

दुकानात गेले. मणी उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही.

"टीचर, टीव्ही चारास तीन. तुमचं चित्र आठास तीन. पूर्ण रुंदी बसवली तर वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. मोजा तुम्हीच."

मोजलं. आठाची रुंदी चारात बसवली तर उंची तीनाची दीड होते. बरोबर अर्धा पडदा काळा.

"अर्धा टीव्ही काळा! गिऱ्हाईक म्हणतं टीव्ही बिघडला. कॅसेट तोंडावर आणून टाकतात. म्हणून आम्ही पुढे सरकून मधलं घेतो. सगळेच घेतात. मधलंच तर महत्त्वाचं."

"मधलं घेतलं की काय जातं?"

"कडा."

"किती?"

तो कॅसेट उलटीसुलटी करत राहिला. मी सांगितलं: डावीकडचा पाव, उजवीकडचा पाव. मिळून निम्मं चित्र. चौदा माणसं मी मोजली आहेत. चौदा माणसं काढून टाकायला तुला कुणी सांगितलं?

मणीची बायको आतून म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं की टीचर मोजतील."

७ नोव्हेंबर

मरुदानल्लूरला वेणुगोपाळरावांच्या ओसरीवर बैठक. मंडळीतले आठ-दहा जण, मी, वैनी, मणी. प्रश्न एकच: शेवटची खेप चालवायची की नाही? चालवली तर फिल्म बहुधा संपेल. मध्येच तुटून जळली तर नवी कॅसेटही अर्धवट, आणि परत काही करता येणार नाही. न चालवली तर फिल्म डब्यात राहील आणि हळूहळू नासेल.

वेणुगोपाळराव म्हणाले, "कॅसेट झाली आहे की! मी आहे, दिवा आहे. आणखी काय पाहिजे?"

"वेणुगोपाळमामा, कडेची चौदा माणसं."

"त्यांतली नऊ वर गेली. ती तक्रार करणार नाहीत."

"म्हणूनच तर!" मी म्हटलं. जरा मोठ्यानेच. सांगितलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. अण्णाने जेवढं दाखवलं तेवढं दाखवायचं. कापण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी स्वतः टोकाला आहे, माझं असणं-नसणं गौण आहे, मी माझ्यासाठी बोलत नाही.

वैनी म्हणाली, "नाही गे, कोण म्हणतं तसं?"

मग सेतुरामराव बोलले. ते बैठकीत कधी बोलत नाहीत, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"डावं टोक कापलंत तरी चालेल. तिथे मीच आहे. पण उजवं कापू नका."

वेणुगोपाळरावांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वैनीकडे बघितलं. वैनी पदराशी चाळा करत होती. म्हातारा एकदम म्हणाला, "चालवा रे. पूर्ण चालवा. जळली तर माझं नाचणं जळलं असं समजू."

सेतुरामरावांचा तर्क कच्चा आहे. मध्य मधोमध ठेवला तर दोन्ही टोकं सारखीच कापली जातात. एकच वाचवता येत नाही. मी त्यांना परतताना तसं सांगितलं. ते म्हणाले, "होय बाई. एक वाचवायचं तर दोन्ही वाचवावी लागतात."

हे मात्र बरोबर आहे.

२१ नोव्हेंबर

पाऊस, वादळाची बातमी. काम पुढे ढकललं. सेतुरामराव तरी आले. भोकं तुटली आहेत तिथे पातळ पट्ट्या चिकटवत चार तास बसले. त्यांची बोटं आता वाकत नाहीत नीट. मृदंग सोडला तो त्यामुळे. मी पट्ट्या कापून दिल्या, सारख्या मापाच्या. बोलणं फार झालं नाही. कॉफी तीनदा.

२८ नोव्हेंबर

झालं!

क्रमाने लिहिते. सकाळी दहा. वेष्टीच्या चारी कोपऱ्यांवर मी काळ्या दोऱ्याने खुणा केल्या. मणीचा कॅमेरा बरोबर मध्यरेषेवर, जमिनीपासून मोजून. त्याच्या छोट्या काचेत डाव्या दोऱ्यापासून उजव्या दोऱ्यापर्यंत सगळं येतं की नाही ते मी पाहिलं, मणीने नाही. वर-खाली निम्मी काच काळी. मणी म्हणाला, "बघताना मला त्रास होतो, टीचर." मी म्हटलं, "डोळे मीट, पण हात हलवू नकोस."

सेतुरामरावांनी प्रोजेक्टर किंचित जलद सोडला. त्याने व्हिडिओत चित्र थरथरत नाही म्हणे. वेणुगोपाळराव खूश. त्यांचा फेर तरण्या माणसासारखा दिसायला लागला.

मी कॅमेऱ्याशेजारी उभी. अकरा मिनिटं फक्त दोन दोरे बघितले. सातव्या मिनिटाचा जोड टिकला. नवव्याचा टिकला. दहाव्याला प्रोजेक्टर खरखरायला लागला आणि सेतुरामरावांनी फिल्म बोटांनी धरून आत सोडायला सुरुवात केली, एकेक इंच, जशी आई पोराला भरवते. त्या वाकत नसलेल्या बोटांनी. शेवटची समई दिसली, पांढरं आलं, आणि मग फिल्म टर्र करून फाटली. शेवटच्या चित्रानंतर. आधी नाही.

मणीने टाळी वाजवली. वैनीने सगळ्यांना गूळ दिला. सेतुरामरावांच्या बोटाला भाजलं होतं, मी थंड पाणी आणलं. त्यांचं बोट मी वाटीत धरून ठेवलं, कारण ते लगेच बाहेर काढत होते. पाच मिनिटं तरी ठेवायला हवं असतं.

१२ डिसेंबर

आजचं सविस्तर लिहायला हवं, कारण मला त्यातलं सगळं समजलेलं नाही.

वेणुगोपाळरावांची ऐंशी. सकाळी होम, अभिषेक, जेवण. तीन वाजता मठाच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही. रिवाजाप्रमाणे डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. मी उजव्या टोकाला, भिंतीशी. तिथून दारावर लक्ष ठेवता येतं. सेतुरामराव डाव्या टोकाला, दुसऱ्या भिंतीशी.

चित्र आलं आणि आरडाओरडा. "पट्टी का? टीव्ही बिघडला! मणी, बटण फिरव!" मणी माझ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला. मी उभी राहिले. म्हटलं, "पट्टी बघू नका. पट्टीच्या मधलं बघा." पस्तीस वर्षांचा आवाज कामी येतो. सगळे गप्प.

मग हळूहळू नावं घेणं सुरू झालं. हा माझा बाबा. ही अंबाबाई, लुगडं बघ. गेलेली नऊच्या नऊ माणसं टोकाटोकाने भेटली. कुणी रडलं, पण हसत. वेणुगोपाळराव मांडीवर ताल धरून स्वतःचंच नाचणं बघत होते.

आणि मग बायकांत खुसखुस सुरू झाली. आधी वैनीच्या आसपास. मग सगळीकडे. एक पोरगी म्हणाली, "मृदंगवाले आजोबा मृदंगाकडे बघतच नाहीत!"

"मग कुठे बघतात?"

"तिकडे. ए, मागे घ्या ना, मागे घ्या!"

मणीने कॅसेट मागे घेतली. नालायक माणूस, अशा वेळी त्याचे हात चपळ असतात.

मी पाहिलं. पहिल्यांदाच झांजांऐवजी. डाव्या टोकाचा माणूस अकरा मिनिटं बोटं चालवतो आहे, आणि मान उजवीकडे. मध्ये फेर येतो, जातो, वेणुगोपाळराव उड्या मारतात; त्यांच्यामधून, समईच्या ज्योतीवरून, तो चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो आहे. मध्ये आठ हात अंतर. उजव्या टोकाला मी. मुलीची वेणी मी केव्हाच सोडून दिली आहे. मीही डावीकडे बघते आहे.

मी ताल मोजत होते. मला तालाची आवड होती. हे मी तिथल्या तिथे मोठ्याने सांगितलं.

हॉल हसला. वेणुगोपाळराव तर खोकेपर्यंत. "अकरा मिनिटं ताल मोजलास, पोरी? आणि तो? तोही मोजत होता?" मग डोळे पुसत म्हणाले, "राधाकृष्णानं मला म्हणून हे चित्र घेतलं असं सव्वीस वर्षं समजत होतो मी. लबाड! मी नुसता मध्ये नाचायला होतो."

वैनी म्हणाली, "रुंद भिंग उगाच का आणलं होतं त्यांनी? साध्या कॅमेऱ्यात दोघं मावत नाहीत, असं मला रात्रंदिवस सांगायचे. तुझ्यापाशी विषय काढायला गेले, तर तू त्यांना मॅट्रिकचा निकाल ऐकवलास."

मला तो निकाल आठवतो. शंभर टक्के होता.

मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. सेतुरामराव भिंतीशी उभे, कानापर्यंत लाल, जमिनीकडे नजर. मी सरळ विचारलं, कारण असल्या गोष्टी लोंबकळत ठेवू नयेत: "मृदंग वाजवणाऱ्याने म्हणणाऱ्याकडे बघायचं असतं ना?"

"होय बाई," ते म्हणाले. "चुकलंच."

"ताल चुकला नाही कुठे."

"तो नाही चुकला."

हॉल पुन्हा हसला. यात हसण्यासारखं काय होतं ते मी घरी येईपर्यंत विचार करत होते. वैनीला विचारलं, तर ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून हसत राहिली.

अण्णाच्या चिठ्ठीतलं दुसरं वाक्य आज पुन्हा वाचलं.

२० डिसेंबर

मणीकडे नऊ कॅसेटींची मागणी. सगळ्यांना पट्टीवालीच हवी. त्याने दुकानात पाटी लावली: 'कडा कापल्या जाणार नाहीत.' शुद्धलेखन मी तपासलं.

सेतुरामराव आता सोमवारी, गुरुवारी येतात. प्रोजेक्टरला आमच्याकडे कोरडी जागा आहे म्हणून तो इथेच ठेवला आहे, आणि त्याला तेल घालावं लागतं. पूर्वी महिन्यातून एकदा पुरायचं.

१३ जानेवारी १९९४

भोगी. वैनीने विचारलं, "काय काढायचं यंदा?" मी म्हटलं, काही नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

१४ जानेवारी

पोंगल. अंगणात भात उतू गेला, तेवढ्यात मणी नवा कॅमेरा घेऊन आला. "टीचर, फुकट घेतो, पहिलं चित्रण तुमचं." वैनीने मला आणि सेतुरामरावांना बाकावर बसवलं, स्वतः मडक्याशी उभी राहिली. मी सवयीने उजव्या टोकाला बसले. सेतुरामराव डाव्या टोकाला. मध्ये ऊस.

मणीने काचेतून पाहिलं, मान हलवली. मागे सरकला, तर पाठीला विहिरीचा कठडा.

"बसत नाही, टीचर. एक तर तुम्ही कापल्या जाता, नाही तर ते. अण्णांचं भिंग लावू का?"

भिंग देवघरात होतं. वैनी म्हणाली, आज देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कपाट उघडणार नाही.

मी हिशेब केला. रुंद चित्र चारास तीनमध्ये बसवायचं, पट्टी नको आणि कडाही कापायच्या नाहीत. मग एकच मार्ग उरतो, आणि तो टोकांनीच करायचा असतो. शाळेतल्या मुलीलाही सुटेल इतकं सोपं उदाहरण आहे. मला सव्वीस वर्षं का लागली ते ठाऊक नाही.

मी ऊस बाजूला ठेवला आणि सरकले. तेही सरकले.

"पुरे?" मी मणीला विचारलं.

"अजून थोडं, टीचर," मणी म्हणाला.

मला काचेतून न बघताही ठाऊक होतं की पुरे झालं होतं. तरी सरकले.